आता बास की! चाळिशीकडे झुकलेला टेनिसपटू रॅकेट खाली का ठेवत नाही?

"चोवीस ग्रँड स्लॅम घेतलीत. अजून काय पायजे? आता बास की म्हणावं त्याला."

६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशीची सकाळ. मंडळांची पोरं रात्रभर मिरवणुकीच्या तयारीत जागीच होती, त्यामुळे ज्यांना टेनिसचा नाद आहे त्यांनी मध्यरात्रीनंतर लागलेली अमेरिकन ओपनची उपांत्य लढतही मोबाइलवर बघून घेतली होती. नोवाक जोकोविच कार्लोस अल्कराझकडून सरळ तीन सेटमध्ये हरला. कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ चहाच्या गाड्यावर विषय निघाला आणि आमच्या पेठेतल्या एका जुन्या पैलवानांनी वरचा निकाल देऊन टाकला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मला तो निकाल घाईचा वाटला. त्या वर्षाचा जमाखर्च बघा. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन, अमेरिकन, अशा चारही मोठ्या, म्हणजे ग्रँड स्लॅम स्पर्धांत जोकोविचने उपांत्य फेरी गाठली. मे महिन्यात त्याला ३८ वर्षं पूर्ण झाली होती. मेलबर्नला अलेक्झांडर झ्वेरेवसमोर पहिला सेट गेल्यावर त्याने दुखापतीमुळे सामना सोडला, पॅरिस आणि लंडनला यानिक सिनरने हरवलं, न्यूयॉर्कला अल्कराझने. म्हणजे जगात त्याला हमखास भारी पडणारे मोजून दोन-तीन जण, आणि त्याच्या मागे सगळं जग. अशा माणसाला संपलेला म्हणायचं, की अजून पहिल्या चारांत आहे म्हणायचं? दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच हा निर्णय बाहेरून दिसतो तितका सरळ नाही.

थकत चाललेला विजेता एकदम वाईट खेळायला लागत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्याचा चांगला दिवस जवळजवळ पूर्वीइतकाच चांगला असतो. दोन चांगल्या दिवसांमधलं अंतर मात्र वाढत जातं. टेनिसची मोठी स्पर्धा तर सलग दोन आठवडे चांगले दिवस मागते. पुढचा सगळा घोळ यातूनच निघतो.

घरी बसवणारं कोणी नाही

क्रिकेटमध्ये निवड समिती असते. फुटबॉलमध्ये क्लब करार वाढवत नाही आणि विषय मिटतो. कुस्तीत तर मैदानच सांगतं. जत्रेच्या मैदानात जोडी कमिटी लावते. जो पैलवान काल पहिल्या नंबरच्या कुस्तीला होता तो यंदा तिसऱ्या नंबरला जातो, इनामाचा आकडा उतरतो, पोस्टरवरचा फोटो मधून कोपऱ्यात सरकतो. पैलवान हुशार असेल तर पोस्टर बघूनच ओळखतो आणि तालमीत वस्ताद म्हणून बसायला लागतो.

टेनिसपटूला असं सांगणारं माणूस नाही. प्रशिक्षक त्याचा पगारी, फिजिओ त्याचा पगारी. स्पर्धेत प्रवेश देते ती कॉम्प्युटरची क्रमवारी, आणि ती गेल्या ५२ आठवड्यांतल्या गुणांवर चालते. पुरुषांमध्ये ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २००० गुण, अंतिम सामना हरणाऱ्याला १३००, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ८००, उपउपांत्य फेरीत ४००. पहिल्याच फेरीत गारद झालेल्याला फक्त १०. वर्ष उलटलं की ते गुण गळतात आणि पुन्हा मिळवावे लागतात.

या पद्धतीत एक गंमत आहे. चार वेळा उपांत्य फेरी म्हणजे ३२०० गुण. वर्षात बाकी काही केलं नाही तरी एवढ्यावर माणूस पहिल्या दहा-बारांत राहू शकतो. म्हणजे जोकोविचसारख्याला क्रमवारी कधी "घरी जा" म्हणतच नाही. ती म्हणते, "चाललंय की बरं." दुसरीकडे, दुखापतीने आठ-दहा महिने बाहेर बसलेल्याची हीच क्रमवारी पार माती करते, मग तो पूर्वी कितीही मोठा असो.

त्यासाठी संरक्षित क्रमवारी नावाची एक सोय आहे. खेळाडू निदान सहा महिने दुखापतीने बाहेर असला, तर दुखापतीच्या सुरुवातीच्या काळातलं त्याचं स्थान धरून त्याला ठरावीक स्पर्धांत प्रवेश मिळतो. पण पुरुषांच्या टेनिसमध्ये हे स्थान मानांकन, म्हणजे सोडतीआधी वरच्या खेळाडूंना दिला जाणारा क्रम, ठरवताना धरत नाहीत. ही बारीक ओळ फार महाग पडते. ग्रँड स्लॅममध्ये १२८ खेळाडू असतात, त्यांतल्या ३२ जणांना मानांकन. दोन मानांकित तिसऱ्या फेरीआधी एकमेकांसमोर येत नाहीत. मानांकन नसेल तर पहिल्याच दिवशी कोणीही समोर उभा राहू शकतो. २०२४ च्या फ्रेंच ओपनला राफाएल नदालचं हेच झालं. १४ वेळा ती स्पर्धा जिंकलेला माणूस, आणि सोडतीत पहिलं नाव निघालं चौथ्या मानांकित झ्वेरेवचं. तीन सेटमध्ये खेळ संपला. त्या स्पर्धेत नदाल एकूण ११६ सामने खेळला, त्यांतले फक्त चार हरला. त्या चारांतली ही एकच हार पहिल्या फेरीतली.

तिसरी वाट वाइल्ड कार्डची. आयोजक आपल्या मर्जीने काही जागा देतात आणि जुन्या विजेत्याला कोणी नाही म्हणत नाही, कारण त्याच्या नावावर तिकिटं खपतात. यात एक अडचण आहे जी चाहते फारशी बोलत नाहीत. ती जागा एखाद्या नव्या पोराला मिळाली असती. कोल्हापूरची एक शाळकरी मुलगी २०२२ मध्ये विंबल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळून आली. असल्या पोरापोरींना मोठ्यांच्या स्पर्धेत पहिलं पाऊल टाकायला मिळतं ते बहुतेक अशाच एखाद्या जागेवर. आपल्या नावाला मान म्हणून मिळालेली जागा किती वर्षं घ्यायची, याचा विचार विजेत्याने करायला हवा असं मला वाटतं. एखादं वर्ष ठीक, निरोपाचं म्हणून. त्याच्या पुढे जरा अवघड.

सामना जिंकला, परवाचं काय?

शरीराचं आता नीट समजून घेऊ. नुसतं "वय झालं" म्हटल्याने काही कळत नाही.

स्नायूंत साधारण दोन जातींचे तंतू असतात. एक चटकन जोर लावणारे, दुसरे दमाने काम करणारे. वाढत्या वयात पहिल्या जातीची झीज आधी होते. म्हणून मोठा खेळाडू तासभर जास्त खेळूही शकेल, पण कोपऱ्यात ताणून मारलेल्या चेंडूकडे झेपावणं आणि लगेच उलट पावली मध्यावर येणं, हे आधी जातं. पुढच्या वेळी बघताना फटक्याकडे बघू नका, फटक्यानंतरच्या दोन पावलांकडे बघा. तरुण खेळाडू चेंडू मारता मारताच परत फिरलेला असतो. पस्तिशीपुढचा खेळाडू फटका पूर्ण करतो, एक क्षण तिथेच टेकतो, मग निघतो. तो एक क्षण समोरच्याला पुरतो.

नजर आणि हात मात्र बराच काळ साथ देतात. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस पलीकडून इकडे यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो. एवढ्या वेळात चेंडू बघून ठरवायला सवडच नसते. चेंडू वर फेकण्याची जागा, खांद्याचा कल, आधीच्या दहा गेममधली खोड, यावरून अंदाज बांधायचा. हे ज्ञान वयाबरोबर वाढतं. जोकोविच ३८ व्या वर्षी सर्व्हिस परतवण्यात जगातल्या अव्वल लोकांत होता त्याचं हे कारण. डोक्यात जास्त साठलंय, पायांत कमी.

पण खरी मेख आहे ती भरून येण्याची. जोराच्या सामन्यात स्नायूंना बारीक बारीक इजा होते, ती झोपेत आणि विश्रांतीत भरून येते. पंचविशीत जे चटकन होतं त्याला पस्तिशीनंतर जास्त वेळ लागतो. ग्रँड स्लॅममध्ये मध्ये साधारण एक दिवस मिळतो. दोन आठवड्यांत सात सामने, पुरुषांचे जास्तीत जास्त पाच सेटचे.

२०२४ चं फ्रेंच ओपन आठवा. तिसऱ्या फेरीत जोकोविच लोरेंझो मुसेत्तीशी खेळला. पावसाने वेळापत्रक कोलमडलं होतं. सामना सुरू झाला रात्री उशिरा आणि संपला पहाटे ३ वाजून ७ मिनिटांनी, पाच सेटनंतर. मग बर्फाचं पाणी, मसाज, जेवण, पत्रकार, गाडी. झोपेला सकाळ उजाडली असणार. पुढच्या फेरीत फ्रान्सिस्को सेरुंदोलोशी पुन्हा पाच सेट, साडेचार तासांच्या वर. त्यात उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. मेनिस्कस म्हणजे गुडघ्याच्या दोन हाडांमधली अर्धचंद्राकार गादी. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतो, त्यामुळे आतली फाटलेली जागा आपोआप सांधत नाही. एवढं होऊनही सामना त्याने जिंकला! उपउपांत्य फेरीला मात्र उतरू शकला नाही. क्रीडापानांवर छापून आलं "जोकोविचची माघार", जणू तो सहज निघून गेला.

५ जूनला शस्त्रक्रिया झाली. १४ जुलैला तो विंबल्डनच्या अंतिम सामन्यात होता. अल्कराझने त्याला तिथे धुतला. आणि ४ ऑगस्टला, त्याच पॅरिसमध्ये, त्याच लाल मातीवर, त्याच अल्कराझला दोन टायब्रेकमध्ये (सेट ६-६ वर अडला की खेळतात तो निर्णायक गेम) हरवून त्याने ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. ऑलिंपिकचा सामना तीन सेटचा असतो हे इथे विसरू नका.

मेलबर्न २०२५ मध्ये तर हा प्रकार आणखी ठसठशीत दिसला. उपउपांत्य फेरीत पहिल्या सेटमध्येच मांडीचा स्नायू दुखावला, तरी त्याने अल्कराझला चार सेटमध्ये हरवलं. जगातल्या सर्वोत्तम पोरांपैकी एकाला, एका पायावर म्हणा हवं तर. तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात एका सेटनंतर त्याला कोर्ट सोडावं लागलं आणि काही प्रेक्षकांनी चक्क हुर्यो केली. बक्कळ पैसे मोजून तिकीट काढलं होतं, राग समजू शकतो. तरी ते वाईट दिसलं.

आता जरा आकडेमोड. समजा, ऐन भरातल्या विजेत्याची कुठलाही एक सामना जिंकण्याची शक्यता दहात नऊ आहे. सात सामने सलग जिंकायचे तर ०.९ ला सात वेळा गुणायचं. उत्तर येतं साधारण ४८ टक्के. म्हणजे तो जवळजवळ निम्म्या स्पर्धा जिंकेल. वय झालं आणि शक्यता दहात आठवर आली. टीव्हीवर बघणाऱ्याला हा फरक कळणारही नाही, तो अजूनही पाचातले चार सामने जिंकतोय. पण करंडकाची शक्यता उतरते २१ टक्क्यांवर. दहात सात झाली की उरतात आठ टक्के. प्रत्यक्षात सगळे सामने सारखे नसतात, शेवटचे दोन सिनर आणि अल्कराझसारख्यांशी असतात, म्हणजे हिशोब याहून कडक. सामन्यात किंचितसं कमी झालं की स्पर्धेत निम्म्याने जातं. चाहता म्हणतो, "खेळ तर तसाच आहे, मग जिंकत का नाही?" खेळ तसाच नसतो, फक्त फरक डोळ्यांना दिसत नाही इतका लहान असतो.

आणि हा फरक खुद्द खेळाडूलाही धड दिसत नाही. २०२५ चाच वसंत ऋतू घ्या. मोंटे कार्लो आणि माद्रिद, दोन्हीकडे जोकोविच पहिल्याच सामन्यात गारद. त्यानंतर जिनिव्हात कारकिर्दीतलं १०० वं विजेतेपद, आणि लगेच फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. एप्रिल ते जून एवढ्यातच हे सगळं. आता यातून त्याने काय निष्कर्ष काढावा? माद्रिद खरं की पॅरिस? तुमच्या-माझ्यासारखा माणूस नाराज झाल्यावर माद्रिद धरतो आणि खूश असल्यावर पॅरिस. खेळाडूही माणूसच, आणि त्यातून तो आयुष्यभर "अजून जमेल" या एका विचारावर पोसलेला. हा विचार नसता तर चोवीस झालीच नसती.

वेळ विकत घेण्याचे उपाय

मोठे खेळाडू हातावर हात ठेवून बसत नाहीत. रॉजर फेडररने २०१३ मध्ये विंबल्डनच्या दुसऱ्याच फेरीत सर्गेई स्ताखोव्हस्कीकडून मार खाल्ला. त्या वेळी तो ९० चौरस इंचांची रॅकेट वापरत होता, बाकी सगळे कधीच मोठ्यावर गेले होते. पुढच्या वर्षी त्याने ९७ ची घेतली. रॅकेटचा चेहरा मोठा म्हणजे चेंडू मधोमध नाही लागला तरी निभावतं, आणि पाय अर्धं पाऊल उशिरा पोचले की नेमकं तेच होतं. पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये त्याने मातीवरचा अख्खा मोसम सोडून दिला, गुडघे वाचवले. २०१७ चं विंबल्डन एकही सेट न गमावता जिंकलं, पस्तिशी पार केल्यावर.

गुण लवकर संपवायचे, सर्व्हिसवर भर द्यायचा, जाळीकडे जायचं, स्पर्धा निवडून खेळायच्या. पण निवडून खेळण्याला त्याचा त्याचा दंड आहे. सामने कमी झाले की धार जाते, गुण कमी मिळतात, मानांकन घसरतं, आणि मग उपउपांत्य फेरीतच पहिल्या दोघांपैकी एकाशी गाठ पडते. विश्रांती घ्यावी तर गंज चढतो, खेळत राहावं तर गुडघा बोलतो.

केन रोझवॉल १९७४ मध्ये ३९ व्या वर्षी विंबल्डन आणि अमेरिकन, दोन्हीच्या अंतिम फेरीत पोचला होता. दोन्हीकडे जिमी कॉनर्सने त्याला चिरडलं. त्याच कॉनर्सने १९९१ मध्ये ३९ व्या वाढदिवसाच्या पंधरवड्यात अमेरिकन ओपनची उपांत्य फेरी गाठून न्यूयॉर्क डोक्यावर घेतलं. तेव्हा वयाचा आकडा एकटा काही सांगत नाही.

शिखरावर थांबावं, पण शिखर कुठलं?

कोल्हापुरात, पुण्यात, कुठेही हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: लोक "का थांबला?" विचारतात तेव्हाच थांबावं, "का थांबत नाही?" विचारायच्या आधी. ऐकायला झकास. उदाहरण म्हणून पीट सॅम्प्रासचं नाव हमखास घेतलं जातं. २००२ ची अमेरिकन ओपन, अंतिम सामन्यात आंद्रे अगासीवर मात, चौदावं ग्रँड स्लॅम, आणि त्यानंतर एकही सामना नाही. काय तो शेवट!

पण जरा मागे जाऊन बघा. त्या विजयाआधी दोन वर्षांहून जास्त काळ सॅम्प्रासला एकही स्पर्धा जिंकता आली नव्हती. अडीचच महिने आधी विंबल्डनमध्ये, जिथे तो सात वेळा विजेता, तिथे दुसऱ्या फेरीत जॉर्ज बास्टलकडून हरला. बास्टल क्रमवारीत १४५ वा, पात्रता फेरीत हरून ऐनवेळी कुणाच्या तरी जागी आत आलेला. सामनाही मुख्य कोर्टावर नाही, बाजूच्या दोन नंबरच्या कोर्टावर. विश्रांतीला बसलेला सॅम्प्रास खिशातून बायकोचं पत्र काढून वाचतोय, असं चित्र तेव्हा जगाने पाहिलं. सगळे म्हणत होते, आता बास. न्यूयॉर्कला तिसऱ्या फेरीत त्याच्याकडून हरलेला ग्रेग रुसेडस्की तर म्हणाला, सॅम्प्रास दीड पाऊल मंद झालाय. त्याचं मानांकन होतं सतरावं.

तेव्हा "वेळेत थांबावं" हा नियम पाळला असता तर तो थांबला असता २००१ किंवा २००२ च्या जुलैत, आणि आपण ज्या शेवटाचे दाखले देतो तो शेवट झालाच नसता. दुसरं म्हणजे, जिंकल्यावर त्याने लगेच निवृत्ती जाहीर केलेली नाही. २००३ मध्ये तो स्पर्धांत नाव देत राहिला, माघार घेत राहिला, आणि आतून परत उभं राहायची इच्छाच येईना हे कळल्यावर ऑगस्ट २००३ मध्ये, जवळजवळ वर्षभराने, त्याने रीतसर निरोप घेतला. म्हणजे तो शेवट ठरवून केलेला नव्हता. मागे वळून बघताना तो देखणा दिसतो, इतकंच. (फेडररने २०१७ मध्ये सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा त्याचंही मानांकन सतरावंच होतं. योगायोग, पण लक्षात राहणारा.)

उलट बाजूही आहे, नाही असं नाही. सेरेना विल्यम्सने २०१७ मध्ये पोटात बाळ असताना ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून २३ वं ग्रँड स्लॅम घेतलं. बाळंतपणानंतर परत आली ती मार्गारेट कोर्टच्या २४ ची बरोबरी करायला. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत विंबल्डन आणि अमेरिकन ओपनचे चार अंतिम सामने खेळली. चारही हरली, आणि चारही वेळा एक सेटसुद्धा मिळाला नाही. चोवीसावं आलंच नाही. मग ती वर्षं वाया गेली का? आई झाल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर चार अंतिम सामने खेळणारी बाई अपयशी असेल, तर असं अपयश मिळायलाही भाग्य लागतं. २०२२ च्या अमेरिकन ओपनमध्ये ती दुसऱ्या मानांकित खेळाडूला हरवून मग तिसऱ्या फेरीत बाहेर पडली.

मला वाटतं, "शिखरावर थांबा" हा सल्ला खेळाडूच्या भल्यासाठी कमी आणि आपल्या आठवणी खराब होऊ नयेत म्हणून जास्त दिला जातो. आपल्याला फेडररचा २०१९ च्या विंबल्डन अंतिम सामन्यातला खेळ जपून ठेवायचा असतो, २०२१ मध्ये हुबर्ट हुरकाचने शेवटचा सेट ६-० ने घेतला ते नको असतं. पण तो सेट खेळायला उतरण्याचा हक्क फेडररचा होता. त्यानंतर गुडघ्याची आणखी एक शस्त्रक्रिया झाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनला नदालसोबत दुहेरीचा सामना खेळून तो गेला. त्याच्या बाबतीत निर्णय गुडघ्याने घेतला. नदालच्या बाबतीत आधी डाव्या पायाच्या हाडाचा जुना आजार, मग खुबा. २०२२ ची फ्रेंच ओपन त्याने पाय इंजेक्शनने बधिर करून जिंकली होती. अँडी मरेने जानेवारी २०१९ मध्ये पत्रकारांसमोर रडत "बहुधा ही शेवटची स्पर्धा" म्हटलं, मग मांडीच्या हाडाच्या गोल टोकावर धातूची टोपी बसवून घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत तो खेळत राहिला. पहिल्या क्रमांकाच्या जवळपासही पुन्हा गेला नाही. त्याला त्याची फिकीर होती असं कधी दिसलं नाही.

आणि ज्यांचं शरीर ठणठणीत पण मन भरलं, ते वेगळेच. अ‍ॅश बार्टी मार्च २०२२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, पहिल्या क्रमांकावर असताना थांबली. स्वीडनच्या ब्योन बोर्गने सव्विसाव्या वर्षी सोडलं, १९९१ मध्ये लाकडी रॅकेट घेऊन परतला आणि पहिल्याच सामन्यात हरला. सगळं जग तोवर ग्रॅफाइटवर गेलं होतं.

पैसा, घर आणि दुहेरी

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण बड्या विजेत्याला तो प्रश्न नसतोच. पण क्रमवारीत ऐंशी-नव्वदीत असलेल्या पस्तिशीतल्या खेळाडूला असतो. विंबल्डन २०२५ मध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ६६,००० पौंड मिळाले, आपले पाऊण कोटीच्या घरात. अशा चार स्पर्धांत थेट प्रवेश मिळत राहिला तर वर्ष निघतं, प्रशिक्षकाचा पगार आणि विमानाची तिकिटं भागतात. क्रमवारीत शंभराच्या जरा पलीकडे गेलं की ते दार बंद. म्हणून तो "शेवटचं एक वर्ष" म्हणतो ते प्रत्येक वेळी खोटं नसतं. व्हीनस विल्यम्स जुलै २०२५ मध्ये, ४५ व्या वर्षी, वॉशिंग्टनला एकेरीचा सामना जिंकली आणि कोर्टावरच हसत म्हणाली, परत यावंच लागलं, आरोग्य विम्यासाठी!

दुहेरी ही आपल्या लोकांना माहीत असलेली वाट. अर्धं कोर्ट सांभाळायचं, धावणं कमी, हात आणि डोकं जास्त. रोहन बोपण्णाने २०२१ मध्ये बायकोला व्हिडिओ पाठवून सांगितलं होतं की आता सोडतोय, पाच महिने एकही सामना जिंकता आलेला नाही. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली. अय्यंगार योगाने त्या गुडघ्यांना आधार दिला, आणि २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनसोबत त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, दुहेरीच्या क्रमवारीत पहिला आला. तो थांबला नोव्हेंबर २०२५ मध्ये.

खेळ बदलला की वयाचा अर्थच बदलतो हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. आपली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली आणि पहिल्या ऑलिंपिकला, टोकियोला, गेली ती चाळिशीत. रायफलला श्वास आणि संयम लागतो, कोपऱ्यात झेपावायला लागत नाही. टेनिसपटूला ती सवलत नाही.

तो शेवटचा कागद

निवृत्ती म्हणजे नुसती पत्रकार परिषद नव्हे, त्याला एक कागदी बाजू आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. अव्वल खेळाडू उत्तेजक चाचणीच्या नोंदणी यादीत असतो. वर्षाच्या प्रत्येक दिवशी एक तास आपण कुठे सापडू हे त्याला आधी कळवावं लागतं, आणि चाचणीवाले न सांगता दारात उभे राहतात. सुट्टीवर असो, घरी पोरांना शाळेत सोडायचं असो, दुखापतीने पडून असो, यातून सुटका नाही. पंधरा-वीस वर्षं हे केल्यावर कित्येकांना खेळापेक्षा याचाच कंटाळा आलेला असतो.

यादीतून बाहेर पडायचं तर निवृत्त होत असल्याचं लेखी कळवावं लागतं. आणि पुढे मन बदललं, तर पुन्हा यादीत येऊन सहा महिने चाचणीला उपलब्ध राहिल्याशिवाय स्पर्धेत उतरता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सेरेनाचं नाव त्या यादीत पुन्हा दिसल्याबरोबर जगभर बातम्या झाल्या त्या यामुळेच. तिने लगेच परत येत नसल्याचं जाहीर केलं, तरी लोक सहा महिने मोजायला बसलेच.

म्हणूनच बरेच जण "निवृत्त" हा शब्द तोंडाने किंवा कागदावर उच्चारत नाहीत. "थोडी विश्रांती घेतोय", "पुढच्या मोसमाचं बघू", "शरीर काय म्हणतंय ते ऐकतोय" असं बोलतात. बाहेरून ती चालढकल वाटते. पण कागद दिला नाही तर जानेवारीत गुडघा बरा वाटला की मेलबर्नचं तिकीट काढता येतं. कागद दिला असेल तर ते थेट विंबल्डनवर जातं, आणि अडतिसाव्या वर्षी सहा महिने ही फार मोठी मुदत असते.